तिसऱ्या नंबरचा हिरा

हिऱ्यांच्या पारख्याच्या थोरल्या मुलीला जुळं झालं, त्या वर्षीची ही गोष्ट. दोन्ही मुलगे, दिवस भरायच्या तीन आठवडे आधीच आलेले, मांजरीच्या पिल्लांएवढे. तिसऱ्या दिवशी घरची सगळी माणसं दवाखान्यात पाळण्याभोवती जमली होती. आजोबा झालेल्या पारख्याने वाकून पाहिलं आणि कौतुकाने म्हणाला, "गोरीपान निघाली की! आपल्या घराण्यात एवढा उजळ रंग आला कुठून?"

कोणी हसलं नाही. बायको त्याच्याकडे बघतच राहिली.

"अहो, काय बोलताय? हळदीसारखी पिवळी पडलीत पोरं. कावीळ आहे. डॉक्टर आत्ताच सांगून गेले ना?"

"ऐकलं मी. गंमत केली," पारखी म्हणाला.

"ही कसली मेली गंमत!" धाकटी मेहुणी फणकारली.

तेवढ्यात तिचा नवरा मध्ये पडला. "अगं, पारखी आहेत ते. घेताना पिवळा म्हणायचं आणि विकताना पांढरा, हाच यांचा धंदा. नातवंडं विकायला काढलीत वाटतं!"

मग मात्र सगळे हसले. हा मेहुणीचा नवरा म्हणजे पारख्याचा साडू. पारखी ज्या हिऱ्यांच्या पेढीवर होता तिथेच तोही होता. हिऱ्यांच्या पुड्या कोटाच्या आतल्या खिशात घालून या पेढीवरून त्या पेढीवर पायी पोचवायच्या, हे त्याचं काम. सत्तावीस वर्षांत एक पुडी हरवली नव्हती. लोक त्याला 'टपाल' म्हणत आणि त्यालाही ते आवडे.

पारखी बाहेर व्हरांड्यात येऊन उभा राहिला. भिंत पांढरी होती, निदान त्याला तरी पांढरी वाटत होती. पोरं पिवळी होती आणि ते त्याला दिसलं नव्हतं.

पोरांची कावीळ आठ दिवसांत उतरली. पारख्याच्या डोळ्यातला पिवळेपणा उतरणारा नव्हता. आपल्याला कोणी ओळखणार नाही अशा लांबच्या वस्तीतल्या डॉक्टरला त्याने डोळे दाखवले. डॉक्टर म्हणाला, मोतीबिंदू आहे, पण निराळ्या जातीचा. बारीक अक्षर अजून दिसेल, सुईत दोराही ओवता येईल. पण डोळ्यातलं भिंगच पिवळं पडलंय. पिवळ्या काचेतून बघणाऱ्याला पिवळं कसं कळणार? शस्त्रक्रिया करून घ्या.

पारखी मान हलवून घरी आला आणि कोणालाही काही बोलला नाही. त्याच्या आधीच्या पारख्यानेही डोळा कापून घेतला होता. दीड महिन्याने तो पेढीवर परतला, तेव्हा त्याच्या खुर्चीवर हाच बसलेला होता.

आता हिऱ्याची पारख कशी होते ते सांगितलं पाहिजे, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. वजन काटा सांगतो, त्यात माणसाचं काम नाही. पैलू नीट पडलेत की नाही हे खडा हलवला की त्याच्या झगमगाटावरून कळतं. आतले डाग आणि चिरा दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगातून दिसतात. राहिला रंग. लोकांना वाटतं हिरा म्हणजे पांढराच. पण बहुतेक हिऱ्यांत पिवळ्याची एक छटा असते, कोणात कमी, कोणात जास्त, आणि सगळा भाव तिथे अडतो. हिऱ्याचा माथा वर असला की तो चमकून डोळ्यांत धूळ फेकतो. म्हणून पांढऱ्या कागदाची घडी करून तिच्या खाचेत हिरा पालथा ठेवायचा, उत्तरेच्या खिडकीत, सकाळच्या उजेडात, आणि शेजारी नमुने. पेढीवर असे नऊ नमुन्याचे हिरे होते. पहिला पाण्यासारखा, नववा कोणालाही पिवळा दिसेल असा. नवा हिरा ज्याच्याशी जुळला तो त्याचा नंबर. हे जुळवणं नुसत्या डोळ्याचं काम. वरच्या नंबरांत एक पायरी खाली म्हणजे भाव पाचव्या हिश्शाने पडला. आणि पायरी कुठली, हे पारखी सांगेल ते. त्यावर अपील नाही.

एकतीस वर्षं पारख्याचा शब्द असा चालत आला होता. पुडीवर त्याची सही असली की घेणारा पुडी उघडूनही बघत नसे.

जुळी झाली त्या महिन्यात त्याने नमुने मांडून पाहिले. दुसऱ्यापासून सातव्यापर्यंतचे सहाही हिरे त्याला एकाच आईची लेकरं दिसली. मग त्याने वेगळी युक्ती धरली. माल कुठून आला, त्या खाणीचा माल एरवी कसा असतो, आणणारा किती अपेक्षेने बोलतोय, यावरून तो अंदाज बांधू लागला. एकतीस वर्षांचा अनुभव होता, अंदाज बरेचदा बरोबर येई. नाही आला तरी एका पायरीचा फरक, आणि एका पायरीवरून पारख्याशी वाद घालणारा अजून जन्मायचा होता.

पोरं तीन महिन्यांची झाली तेव्हा तो मोठा हिरा आला. चांगला हरभऱ्याएवढा. ज्या खाणीतला होता तिथला माल पांढराशुभ्र म्हणून गाजलेला. पारख्याने भिंगातून त्याच्या आत पाहिलं. कंबरेजवळ, म्हणजे मधल्या कडेपाशी, कावळ्याच्या पायासारखी तीन फाट्यांची बारीक चीर आणि तिच्या शेजारी दोन ठिपके. हे त्याला स्वच्छ दिसलं. त्याने आपल्या वहीत गोल काढून त्यात चीर आणि ठिपके जागच्या जागी मांडले. मोठ्या हिऱ्याचं असं चित्र काढून ठेवायची पेढीची पद्धत होती. माणसाच्या अंगठ्याच्या ठशासारखंच ते असतं, एकाचं दुसऱ्याला जुळत नाही. मग हिरा कागदात पालथा ठेवून तो बराच वेळ बसला आणि लिहिलं : तिसरा नंबर.

पुडी घ्यायला टपाल येऊन उभा होता. त्याने मान तिरकी करून कागदाकडे पाहिलं.

"पारखीबुवा, मला हा जरा पिवळट वाटतोय हं."

"तुला काय वाटतं ते विचारलं कोणी?"

"कोणी नाही. पण नाकासमोर आहे म्हणून म्हटलं."

"तू पुड्या वाहा," पारखी म्हणाला. आवाज त्याला हवा होता त्यापेक्षा चढला. आजूबाजूला काम करणारे चारपाच जण वर बघू लागले.

टपाल हसला. "वाहतो बाबा. गाढवाला गुळाची चव विचारू नये, हेच खरं."

पुडी आतल्या खिशात घालून तो गेला. वाट वीस मिनिटांची. त्याला त्या दिवशी तास लागला, कारण मधल्या गल्लीत थोरल्या मुलीचं घर होतं आणि तो जुळ्यांना बघायला डोकावला होता. हे त्याने स्वतःच येऊन सांगितलं. लपवण्यासारखं त्यात काही आहे, असं त्याच्या डोक्यात आलं नाही.

सोळा दिवसांनी, मंगळवारी दुपारी, घेणाऱ्या पेढीची दोन माणसं हिरा परत घेऊन आली. एक उंच, एक ठेंगणा. त्यांनी चहा नाकारला, तेव्हाच पेढीवरचे सगळे समजले. मालकांनी पारख्याला आत बोलावलं.

"आमच्या तिघांनी वेगवेगळा पाहिला," उंच माणूस म्हणाला. "तिघांनीही सातवा नंबर दिला. तुमच्या पुडीवर तिसरा आहे."

तीन आणि सात. चार पायऱ्या. एका पायरीची चूक माणसाकडून होते, चारांची होत नाही. निदान या धंद्यात तरी असंच मानतात. आणि म्हणून त्या खोलीतल्या एकाच्याही मनात 'पारखी चुकला' हा विचार शिवला नाही. मालक शांतपणे म्हणाले, "म्हणजे वाटेत बदलला."

"वजन तंतोतंत तेच आहे," पारखी कसाबसा म्हणाला.

"असणारच," ठेंगणा म्हणाला. "बदलणारा वजन आधी जुळवतो. तुमचा माणूस त्या दिवशी तासभर कुठे होता?"



"जुन्या माणसावर आळ घ्यायचा तर खात्री हवी," मालक म्हणाले. "तू बघ. हा तोच खडा का, तेवढं सांग. तू सांगशील ते मला मान्य, यांनाही मान्य."

पारख्याने हिरा चिमट्यात धरला आणि भिंग डोळ्याला लावलं. कंबरेजवळ कावळ्याचा पाय. शेजारी दोन ठिपके. बघायला एक श्वासही पुरला, पण तो भिंग लावून तसाच बसून राहिला. 'हाच तो' म्हटलं की साडू सुटला. पण मग तिसरा नंबर दिला कोणी? त्या एका शब्दासरशी एकतीस वर्षं, खुर्ची, सही, बाजारातून जाताना होणारे नमस्कार, सगळं पालथं पडणार होतं.

"वही बघावी लागेल," तो म्हणाला. "चित्राशी ताडून सांगतो."

"मग आण वही."

"घरी आहे. उद्या आणतो."

वही बाहेर त्याच्या टेबलाच्या खणात होती आणि खणाची किल्ली त्याच्या खिशात होती.

"उद्या तर उद्या," मालक म्हणाले. "तोवर त्याला वर बसवा. घरी नाही सोडायचं."

वर म्हणजे माळ्यावरची बिनखिडकीची खोली. हिरा गिळून न्यायचा प्रकार या धंद्यात जुना आहे आणि त्यावरचा उपायही तितकाच जुना आहे : एरंडेल पाजायचं, पाणी बंद, समोर टोपलं आणि दाराशी माणूस. खडा बदलला असलाच तर त्याला सोळा दिवस झाले होते. इतके दिवस काही पोटात राहत नाही, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. पण उंच माणूस म्हणाला, पोटात नसला तरी टोपल्यापुढे बसवलं की माणूस बोलतो.

टपाल जिना चढताना पारख्याच्या टेबलाजवळ थांबला. दोघांनी त्याचे दंड धरले होते.

"बघा बुवा," तो म्हणाला, "एवढी वर्षं पुड्या पोचवल्या, आज मीच पुडी झालो. सही करणार का माझ्यावर?"

पारख्याने मान वर केली नाही. खालचे दोघेतिघे हसले आणि लगेच गप्प झाले.

संध्याकाळी मेहुणी घरी आली. चपला न काढताच आत आली आणि त्याच्या समोर उभी राहिली.

"भावोजी, खरं सांगा. यांनी चोरी केली असेल?"

"नाही," पारखी म्हणाला.

"मग तुम्ही होतात ना तिथे? तुम्ही पाहिलात ना तो खडा? एक शब्द टाकला असता तर काय बिघडलं असतं?"

"उद्या वही बघून सांगायचं ठरलंय. पद्धत असते एकेक."

"पद्धत!" तिचा आवाज चिरकला. "गेल्या वर्षी त्यांची मूत्रपिंडं जायची वेळ आली होती, तेव्हा तुम्हीच दवाखान्यात रात्री बसलात. डॉक्टर काय म्हणाले होते? तासातासाला पाणी. पाणी तुटलं तर आम्हाला विचारू नका. आणि ते लोक त्यांना काय पाजताहेत ठाऊक आहे? मी दाराशी जाऊन आले. मला वर सोडलं नाही."

बायको आतून पाण्याचा तांब्या घेऊन आली होती. बहिणीला द्यायचा की नाही हे न कळून तशीच उभी राहिली.

"अहो, जाऊन या ना आत्ताच. वही घेऊन जा."

पारखी उठला. कोट घातला. दारापर्यंत गेला. बाहेर अजून चांगला उजेड होता. पेढी बंद व्हायला तासभर होता आणि चालत गेलं तर अर्धा तास पुरत होता. हे सगळं त्याने उंबऱ्यावर उभं राहून मोजलं. मग त्याने कोट काढून खुंटीला लावला.

"आता मालक भेटायचे नाहीत," तो म्हणाला. "सकाळी पहिलं काम तेच."

मेहुणीने त्याच्याकडे एकदा पाहिलं. आल्या पावली वळली. तिला काही कळलं होतं असंही नाही. पण ती गेल्यावर बायकोने विचारलं, "वही कुठे आहे? मला तर घरात दिसली नाही कधी."

"झोप तू," तो म्हणाला.

बुधवारी सकाळी तो सगळ्यांच्या आधी पेढीवर पोचला. खण उघडला, वही काढली आणि मालकांच्या खोलीत जाऊन टेबलावर ठेवली. हिरा आणि भिंग शेजारी ठेवलं.

"ताडून बघा. तुम्हालाही दिसेल."

मालकांनी पाहिलं. चित्र, मग हिरा, मग पुन्हा चित्र. त्यांचा चेहरा हळूहळू बदलत गेला.

"हा तोच आहे."

"तोच आहे. कोणी बदलला नाही. सातव्याचा तिसरा मी केला. मला पिवळं दिसत नाही. पाचसहा महिने झाले असतील, जास्तही असेल."

मालक उठले आणि त्यांनी दार लावून घेतलं. पारख्याला वाटलं, आता तोंडात बसणार. पण मालक परत खुर्चीत बसले आणि अगदी हलक्या आवाजात बोलू लागले.

"हे आणखी कोणाला सांगितलंस?"

"नाही."

"बायकोला?"

"नाही."

"मग सांगू नकोस. तुझा डोळा गेला हे बाहेर कळलं, तर गेल्या वर्षभरातली तुझ्या सहीची प्रत्येक पुडी उद्या माझ्या दारात येईल. पेढी राहणार नाही. इथे चाळीस घरं जेवतात."

"आणि वरचा?"

मालकांनी वही मिटली आणि स्वतःच्या खणात टाकली. "खडा बदलला, माणूस कामावरून काढला, एवढंच राहू दे. पोलीस नाही, काही नाही. त्याच्या घराकडे मी बघेन. तू डोळ्यांचं काय ते गुपचूप करून घे. खुर्ची तुझीच."

चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच. फक्त इथे चोराला खुर्चीसुद्धा मिळत होती. आणि खरं सांगायचं तर पारख्याला क्षणभर हायसं वाटलं. त्याची मान होकारार्थी हललीही असेल. मालकांना तसंच वाटलं असावं, कारण त्यांनी उठून दार उघडलं.

बाहेर कामाचे लोक आले होते. उंच आणि ठेंगणाही येऊन बसले होते. माळ्यावरून ओकारीचा आवाज आला. पोटात काही न उरलेल्या माणसाची कोरडी ओकारी असते, तशी. सगळ्यांनी ती ऐकली आणि सगळे आपापल्या कागदात हिरे मोजत राहिले.

पारखी हॉलच्या मधोमध थांबला.

"हिरा बदललेला नाही," तो म्हणाला. मग त्याने पुन्हा, मोठ्याने म्हटलं. "हिरा बदललेला नाही! मला रंग दिसत नाही. डोळे गेलेत माझे. नंबर मी चुकीचा दिला आणि ते मला काल दुपारीच कळलं होतं. वही याच खणात होती."

चिमटे थांबले. मालक मागून काहीतरी ओरडले. उंच माणसाने ठेंगण्याकडे पाहिलं आणि दोघे एकदम उठले, वर जायला नव्हे, बाहेर जायला. बातमी आपल्या पेढीवर आधी कोण पोचवतो याची त्यांना घाई होती.

पारखी जिना चढला. दाराशी बसलेल्या माणसाने कडी काढली. आत वास होता. टपाल बाकावर कुशीवर पडला होता, गुडघे पोटाशी घेतलेले. ओठ फुटले होते आणि चेहरा सुजलेला होता. पारखी शेजारी टेकला आणि त्याने त्याच्या तोंडाला पाण्याचा पेला लावला. दोन घोट गेले, बाकीचं गळ्यावरून ओघळलं.

"सांगितलं मी," पारखी म्हणाला. "सगळ्यांसमोर सांगितलं. तू सुटलास."

"काय सांगितलंत?"

पारख्याने सांगितलं. काल दुपारचं, वहीचं, संध्याकाळी कोट घालून काढला त्याचंही. टपाल डोळे मिटून ऐकत होता. ऐकतोय की नाही हेही कळत नव्हतं. मग म्हणाला, "एका रात्रीचाच प्रश्न होता हो, बुवा." तो रागावून बोलला की समजूत घालायला, हे पारख्याला कधीच ठरवता आलं नाही. "मला उठवा. लघवी झालीच नाही कालपासून. काहीतरी बिनसलंय आत."

खालच्या चौघांनी त्याला बाकासकट उतरवलं. मालकांनी स्वतःची गाडी दिली. दवाखान्यात मेहुणी आली, बायको आली, थोरली दोन्ही पोरं काखेत घेऊन आली. पारखी व्हरांड्यात बसून राहिला. त्याला कोणी आत बोलावलं नाही आणि जा असंही कोणी म्हटलं नाही.

टपाल त्याच आठवड्यात, शुक्रवारी दुपारी साडेतीन वाजता, मूत्रपिंडं बंद पडून वारला. त्याला बावन्नावं चालू होतं.